शिकारी मासा वेगळा, भांडकुदळ मासा वेगळा

मी मासे पाळतो हे कळलं की सोसायटीत असो, ऑफिसात असो, लग्नाच्या पंगतीत असो, एक प्रश्न हमखास येतो, "ऑस्कर घ्यायचाय हो, पण तो ॲग्रेसिव्ह असतो ना?" दुकानात गेलं तरी तेच. काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, ऑरेटस, रेडटेल कॅटफिश, सगळ्यांच्या नावापुढे तो एकच शब्द. मला या शब्दाचा खरंच वैताग आलाय, कारण यात दोन पार वेगळे स्वभाव एकत्र कोंबलेत आणि त्यापायी लोकांचे चांगले मासे मरतात.

भांडकुदळ मासा तुम्हाला माहीत आहेच, त्यावर फार बोलत नाही. दोन नर फायटर एका बाटलीत ठेवले की काय होतं ते शाळेत असताना कुणीतरी दाखवलेलं असतं. फ्लॉवरहॉर्न काचेवर बोट ठेवलं की बोटावर धावून येतो हेही सगळ्यांनी पाहिलंय. ही जागा माझी, ही मादी माझी, ही अंडी माझी, तू चालता हो, एवढाच त्याचा विषय.

शिकारी माशाचा हा विषयच नाही. त्याला राग आलेला नसतो. समोरचा मासा हे त्याचं जेवण असतं, आपण ताटातल्या बांगड्यावर चिडत नाही तसंच. रेडटेल कॅटफिश बघा, टँकच्या तळाशी तासन् तास पडून असतो, मिशा हलवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, इतका गरीब दिसतो की दुकानदार बिनधास्त सांगतो "शांत आहे साहेब, कम्युनिटी टँकमध्ये, सगळ्यांबरोबर चालेल". आणि तो शांत आहे हे खरंही आहे! फक्त रात्री लाइट बंद झाला की तो तोंडात मावेल ते सगळं शांतपणे गिळतो. दुकानात तीन इंचाचा असतो आणि ॲमेझॉनमध्ये मीटरभराच्या वर जातो, तेव्हा घरातल्या टँकसाठी हा मासा घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मग मोठा झाला की लोक तळ्यात नेऊन सोडतात, तेही करू नका, आपल्या तळ्यांमध्ये काचेवरचं शेवाळ खायला म्हणून घेतलेले सकर मासे आधीच सुटलेत.

याच्या बरोबर उलटं टोक म्हणजे ऑरेटस. आफ्रिकेतल्या मलावी तलावातला, पिवळ्या अंगावर काळे पट्टे, चार इंचाचा मासा. खातो काय तर खडकावरचं शेवाळ खरवडून. म्हणजे जवळजवळ शाकाहारी! पण एक नर अख्खा टँक रिकामा करू शकतो, एकाही माशाचा घास न घेता. तुमच्या त्या चिठ्ठीवरचा शब्द या दोघांना कसा काय लागू पडतो ते मला कुणी समजावून सांगा.

आता लोक नेमके अडकतात कुठे ते सांगतो. मासे कमी व्हायला लागले की प्रत्येक जण म्हणतो "कोणीतरी मारतंय", पण मारतंय की खातंय हे बघतच नाही. फरक टँकमध्येच दिसतो. माझ्या शेजारच्या काकूंकडे तीन फुटी टँकमध्ये चार एंजल मासे आणि बारा निऑन टेट्रा, म्हणजे अगदी चिमुकले मासे, होते. एंजल लहान असताना घेतलेले, सगळं छान चाललेलं, मग एका सकाळी निऑन दहा, दोन दिवसांनी आठ, मग सात. काकू म्हणाल्या, "अरे पण भांडताना तर कधी दिसले नाहीत." दिसणारच नाहीत काकू! तरंगणारं प्रेत नाही, फाटलेली शेपटी नाही, कोपऱ्यात लपलेला मासा नाही, उरलेले सात निऑन अगदी धडधाकट. मासा नुसता गायब. टँकवर झाकण होतं आणि मागे फरशीवर सुकलेला मासाही नव्हता, ते आधी बघून घेतलं, कारण उडी मारूनही मासे जातात. एका एंजलचं पोट मात्र सकाळी खायला घालायच्या आधीच टम्म दिसत होतं. ही शिकार. आणि एंजल या यादीत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, कारण त्याच्या चिठ्ठीवर तो शब्दच नसतो.

भांडणाच्या खुणा वेगळ्या असतात. पंख कुरतडलेले, खवले निघून पांढरे चट्टे, मार खाणारा मासा हीटरच्या मागे नाहीतर वर पाण्याच्या कडेला उभाच्या उभा, जेवायला पुढे येत नाही, आणि दोनतीन दिवसांनी अख्खा मासा मरून तरंगतो. अख्खा, हे महत्त्वाचं. हे सगळं भर दिवसा लाइटमध्ये तुमच्या डोळ्यांसमोर चालतं. शिकार बहुतेक वेळा अंधारात नाहीतर पहाटे होते.

हे ओळखता आलं नाही की उपाय उलटा होतो. भांडणावर उपाय आहेत, दगडांची मांडणी बदला म्हणजे कुणाचीच हद्द उरत नाही, मध्ये झाडं-लाकडं टाकून नजरेआड करा, मलावीच्या टँकमध्ये तर मुद्दाम जास्त मासे ठेवतात म्हणजे मार एकावरच पडत नाही. काकूंनी कुणाचं तरी ऐकून नेमकं हेच केलं, दगड हलवले आणि वर आणखी दहा निऑन आणून सोडले. म्हणजे ताट परत वाढून दिलं. शिकारी माशावर मांडणीचा काही उपाय नाही. भरपूर खायला घाला म्हणजे बाकीच्यांना हात लावणार नाही, हेही खोटं. लहानपणापासून पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर, वाढवला म्हणून तो शिकार विसरत नाही, निऑन कधी न पाहिलेला ऑस्करसुद्धा पहिल्याच रात्री निऑन गिळतो.

त्याला उपाय एकच, तोंडात मावेल असा मासा सोबत ठेवायचा नाही. आणि इथेही लोक लांबी मोजतात, "माझा मासा तीन इंचाचा आहे, नाही खाणार". अहो, लांबी नाही बघायची, जाडी आणि उंची बघायची. शिकारी मासा डोक्याकडून अख्खा गिळतो, त्यामुळे सडपातळ मासा बराच लांब असला तरी आत जातो आणि ताटलीसारखा उभट सिल्व्हर डॉलर तेवढ्याच लांबीचा असून जात नाही. ऑस्करच्या सोबतीला मी सिल्व्हर डॉलर ठेवतो ते याचसाठी. आणि आजचं तोंड बघू नका, ऑस्करचं पिल्लू सुरुवातीला महिन्याला जवळपास इंचभर वाढतं, पुढे बारा इंचांपर्यंत जातं, तेव्हा मोठा झाल्यावरचं तोंड धरून सोबत ठरवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिकारी माशाबरोबर लहान कॉरी (तळाशी फिरणारा छोटा कॅटफिश) किंवा लहान सकर "तळ साफ करायला" म्हणून टाकू नका. माझ्या नऊ इंची ऑस्करने एकदा रात्री कॉरी धरला. सकाळी बघतो तर ऑस्करचं तोंड उघडं ते उघडंच, कल्ले फुलवून धापा टाकतोय आणि तोंडातून कॉरीची शेपटी बाहेर. कॉरीच्या दोन्ही बाजूच्या आणि पाठीवरच्या पंखाला काटे असतात, संकट आलं की ते काटे ताठ उभे राहून लॉक होतात, मग मासा ना आत जातो ना बाहेर येतो. ओल्या फडक्यात ऑस्करला धरलं, बायकोने टॉर्च धरला आणि नेलकटरने एकेक काटा कापून तो कॉरी ओढून काढला. कॉरी तर गेलाच, ऑस्करने पाच दिवस काही खाल्लं नाही. दुकानात मला "सकर-कॉरी सगळ्यांबरोबर चालतात" असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि मीही ऐकलं.

आता दोन्ही गुण एकाच माशात असतात का? असतात. ऑस्कर एरवी नुसता शिकारी, पण जोडी जमून अंडी घातली की हद्दीवरून मारामारीही करतो. आणि चार इंची कॉन्व्हिक्ट माशांची जोडी अंड्यांवर बसली की दुप्पट मोठ्या ऑस्करला टँकच्या दुसऱ्या टोकाला रेटून ठेवते, तिथे तोंडाच्या मापाचा काही संबंध नाही. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या, हा काय गिळतो आणि हा कशावरून भांडतो. तापमान, पीएच वगैरे बघा, पण त्यात फारसं कुणी चुकत नाही.

राहिला जिवंत गोल्डफिश घालण्याचा प्रकार. शिकारी आहे म्हणून त्याला जिवंतच लागतं, हा हट्ट सोडा. गोल्डफिशच्या मांसात थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं, रोज तेच घातलं की मासा हळूहळू आजारी पडतो. वर दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून व्हाइट स्पॉट हा रोग आणि अँकर वर्म हे अंगाला चिकटणारे परजीवी फुकट घरी येतात. मित्रांना बोलवून ते दृश्य दाखवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. माझा ऑस्कर सकाळी पेलेट खातो आणि आठवड्यातून दोनदा सोललेली कोळंबी, बाजारातून घरासाठी आणलेल्यातलीच, मीठमसाला लावायच्या आधी बाजूला काढलेली.