रुळांजवळचा फोटो आणि लहान मुलाची नजर

पावसाळा सुरू होऊन उक्षीचा धबधबा कोसळू लागला की कोकण रेल्वेच्या कडेला मोबाइल घेऊन उभ्या राहणाऱ्यांची संख्या वाढते, आणि गणपतीला चाकरमानी गावी आले की त्यांत लहान मुलांची भर पडते. दूरवर एकत्र येत जाणारे रूळ, दोन्ही बाजूंची हिरवळ आणि मधोमध नवे कपडे घातलेले मूल. छायाचित्र सुंदर येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हा फोटो घेणारा प्रत्येक जण एक गोष्ट गृहीत धरतो: गाडी आली तर आपल्याला वेळेवर ऐकू येईल, दिसेल आणि बाजूला होता येईल. त्याच्या कानांनी आणि डोळ्यांनी अशी हमी दिलेली नसते.

आधी आवाज. चाके आणि रूळ यांच्या घर्षणाचा आवाज बाजूला जास्त पसरतो आणि समोर कमी, त्यामुळे धडधडत गेलेली गाडी येताना मात्र बरीच शांत असते. रूळ जोडून सलग केलेले असल्याने जुना खडखडाट उरलेला नाही, आणि २०२२ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून डिझेल इंजिनाची घरघरही कमी झाली आहे. त्यात हा मार्ग ९१ बोगद्यांचा आणि जांभ्यात खोदलेल्या खोल कटिंगांचा. वळणापलीकडच्या गाडीचा आवाज डोंगर अडवतो, आणि उरलासुरला आवाज शेजारचा धबधबा गिळून टाकतो.

डोळ्यांची अडचण याहून मोठी आहे. समोरून येणारी वस्तू किती वेगात आहे हे आपण तिचा आकार किती भराभर वाढतो यावरून ओळखतो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे ३० मीटर अंतर कापते. ती १२ सेकंदांवर, म्हणजे साधारण ३६० मीटर दूर असताना तिचे इंजिन आकाशातल्या पूर्ण चंद्राएवढेच रुंद दिसते, आणि तो आकार दुप्पट व्हायला त्यातले ६ सेकंद निघून जातात. शिवाय मोठ्या आकाराच्या वस्तू प्रत्यक्षापेक्षा सावकाश येत असल्यासारख्या भासतात. रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. हा भ्रम मोठ्या माणसांचा झाला. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांना ताशी ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येत आहे हे खात्रीने ओळखता येत नाही. चार वर्षांचे मूल गाडीकडे टक लावून उभे राहिले, तर तो हट्ट किंवा धीटपणा समजू नये. गाडी जवळ येत आहे हे त्याला कदाचित दिसलेलेच नसते.

फोटो काढणाऱ्याचे लक्ष पडद्यावर असते. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असल्यामुळे १२ सेकंदांवरचे ते इंजिन पडद्यावर एक मिलिमीटरही जागा व्यापत नाही. चालकाने तुम्हाला पाहून आणीबाणीचा ब्रेक लावला, तरी भरधाव गाडी थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो.

रुळांपासून दोन पावले बाजूला उभे राहणेही पुरत नाही. दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, तर डबा सुमारे सव्वातीन मीटर रुंद असतो. म्हणजे तो प्रत्येक बाजूला रुळाबाहेर जवळजवळ ८० सेंटिमीटर येतो. त्यापलीकडे गाडीने ढकललेल्या आणि मागे ओढलेल्या हवेचा झोत असतो. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने वाऱ्याला सामोरे येणारे क्षेत्रफळ अधिक, म्हणून जो झोत वडिलांचा सदरा फडफडवतो तोच खडीवर उभ्या असलेल्या मुलाचा तोल घालवू शकतो. वाढदिवसाच्या फोटोसाठी आणलेले चकचकीत फुगे हा वेगळाच धोका आहे: त्यांच्यावरचा धातूचा थर विजेचा वाहक असतो आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, जो स्पर्श न होताही झेप घेतो.

“आता कुठली गाडी नाही” हे गावातल्या माणसाचे सांगणेही जपून घ्यावे. त्याला प्रवासी गाड्यांच्या वेळा पाठ असतात, पण मालगाड्या आणि ट्रक वाहून नेणाऱ्या रो-रो गाड्या त्या वेळापत्रकात नसतात, आणि बहुतांश मार्गावर रुळांची एकच जोडी असल्याने गाडी कोणत्याही दिशेने येऊ शकते. परवानगीशिवाय रुळांवर जाणे रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हाही आहे.

मुलाच्या मागे गाडी हवीच असेल, तर भूमितीची मदत घ्यावी. मूल रुळांपासून ४० मीटर दूर, एखाद्या अंगणात किंवा रेल्वेच्या हद्दीबाहेरील सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उभे आहे असे समजा. त्याच्यापासून २ मीटरवरून फोटो घेतला, तर गाडी तुमच्यापासून मुलाच्या २१ पट दूर असते आणि चित्रात बारीक दिसते. तुम्ही मागे सरकून मुलापासून २० मीटरवरून झूम केलात, तर ती केवळ ३ पट दूर राहते, आणि मुलाच्या तुलनेत सातपट मोठी दिसते. अशा वेळी तुम्ही मुलापासून लांब असाल, म्हणून दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाने चौकटीच्या जरा बाहेर, मूल आणि रूळ यांच्या मध्ये, हात पोहोचेल इतक्या अंतरावर उभे राहावे.