आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: हृदयाची झडप आणि आतड्यातलं रक्त

व्हॉट्सअ‍ॅपवर ते चिनी घड्याळ बहुतेकांनी पाहिलं असेल, दुपारी ११ ते १ हृदयाची वेळ, १ ते ३ लहान आतड्याची, आणि म्हणे दोघं एकमेकांची जोडी. जुन्या चिनी वैद्यकात ही जोडी खरंच आहे, दोनेक हजार वर्षांपासून. पण त्यांचा हिशोब यिन-यांगचा, रक्त कुठून गळतं याचा नव्हे, त्यामुळे "बघा, त्यांना आधीच माहीत होतं" असं म्हणण्यात काही अर्थ नाही. हृदय आणि आतडं यांचा जो संबंध पुढे सापडला तो भलत्याच वाटेने.

१९५८ साली एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला एक छोटं पत्र पाठवलं. हा माणूस वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हर गावचा (कॅनडातलं ते मोठं व्हँकुव्हर वेगळं). त्याचं म्हणणं एवढंच की माझ्याकडे दहाएक म्हातारे पेशंट असे आलेत की ज्यांची हृदयातून बाहेर पडणाऱ्या महाधमनीची, म्हणजे मुख्य रक्तवाहिनीची, झडप कॅल्शियम साठून कडक आणि अरुंद झालीय, आणि त्यांच्याच पोटातून भरपूर रक्त जातंय, कारण काही सापडत नाही, तुम्हा कोणाला असं दिसलंय का? बस. ना थिअरी, ना आकडेमोड.

बऱ्याच जणांनी पुढे हा योगायोगच म्हटला, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नव्हतं, कारण झडप कडक होणं आणि आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून नाजूक होणं, ज्याला अँजिओडिस्प्लेजिया म्हणतात, दोन्ही उतारवयातलेच आजार, मग एकाच माणसात दिसले तर नवल काय. शिवाय रक्त नेमकं कुठून येतंय तेच कळायचं नाही. साधी एंडोस्कोपी वरून थोडं आत जाते, कोलोनोस्कोपी खालून मोठं आतडं बघते, मधलं पाच-सहा मीटरचं लहान आतडं अंधारातच. तिथपर्यंत नीट पाहायची सोय व्हायला २००१ साल उजाडलं, जेव्हा गिळायच्या कॅमेऱ्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि तो ज्याने बनवला तो गॅव्रिएल इद्दान इस्रायलमध्ये क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम करणारा इंजिनियर होता!

तोवर सर्जन लोक काय करायचे, तर अंदाजाने आतड्याचा तुकडा कापायचे, पेशंट घरी जायचा, काही महिन्यांनी परत रक्त. आणि गंमत अशी की ज्यांची हृदयासाठी म्हणून झडप बदलली त्यांचं पोटातलं रक्त आपोआप थांबायचं. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं. फक्त इथे बंब सोमेश्वरी गेला की रामेश्वरची आग विझत होती. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी असे पेशंट एकत्र मांडले तेव्हा झडप बदललेल्या जवळपास सगळ्यांचं रक्त थांबलेलं होतं आणि पोट उघडलेल्यांपैकी फारच थोड्यांचं.

पण का? याचं उत्तर रक्तातल्या एका प्रोटीनमध्ये होतं, ते प्रकरण त्याही आधीचं. फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार लिहून ठेवला, त्यातली एक मुलगी तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावाने गेली. ज्या प्रोटीनची तिथे कमतरता होती त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. हे प्रोटीन लांबच लांब दोऱ्यासारखं असतं, जखमेपाशी प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींना, धरून ठेवतं, आणि जितका दोरा लांब तितकी पकड चांगली. आता नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी कसं जोरात उडतं, तसंच अरुंद झडपेतून रक्त सुसाट जातं, त्या ताणाने हे गुंडाळलेले दोरे उलगडतात आणि रक्तातलं एक एन्झाइम त्यांचे तुकडे करून टाकतं. उरलेल्या आखूड तुकड्यांना धड पकड नाही, मग आतड्यातली ती नाजूक रक्तवाहिनी फुटली की गळतच राहते.

१९९२ मध्ये वॉरकेंटिन नावाच्या डॉक्टरने आणि सहकाऱ्यांनी हा धागा असावा असं सुचवलं आणि २००३ मध्ये फ्रान्समधल्या टीमने झडप अरुंद झालेल्या ५० पेशंटचं रक्त ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासून तो पक्का केला. झडप फारच अरुंद झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला कुठून ना कुठून रक्त जात होतं, आणि झडप बदलल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी लांब दोरे परत दिसायला लागले. हाइडच्या पत्रापासून ४५ वर्षं झाली होती.

पुढे दुबळ्या हृदयाला मदत म्हणून छातीत बसवायचे सतत फिरणारे पंप आले तेव्हा तर हीच गोष्ट कोणी न ठरवता परत सिद्ध झाली, पंपाच्या चक्रात तेच दोरे तुटतात आणि आतड्यातून तसंच रक्त जातं, मग त्यात झडप कडक नसली तरी.

उलट बाजूही आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते कारण ती घरोघरी दिसते. थोडं थोडं रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलं की आधीच दमलेल्या हृदयाला आणखी पळावं लागतं. हार्ट फेल्युअरमध्ये लोह कमी असणं तर नेहमीचंच. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि आजारपणात शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढलं की ते दारच बंद होतं. २००९ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये शिरेतून लोह दिल्यावर अशा पेशंटना बरं वाटलं, चालणं सुधारलं. २०१७ मध्ये तेच गोळ्यांनी करून पाहिलं, १६ आठवडे, काही फरक नाही.

आपल्याकडे मात्र अशक्तपणा म्हटलं की पहिली लोहाचीच गोळी. आणि त्या गोळीने शी तशीही काळी होते, म्हणजे आजोबांना आतून रक्त जातंय की हा गोळीचा रंग आहे हे घरच्यांना बघून कळणारच नाही, ती लॅबला तपासायला द्यावी लागते.