बीमलाइनवरचे छोटे पेपर आले कुठून

सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवत त्यांचा वेग वाढवणारं मशीन, आणि बीमलाइन म्हणजे त्यातून निघणारा प्रकाश प्रयोगापर्यंत नेणारी लाइन. अशा एकेका लाइनचं वर्णन करणारे दोन-तीन पानांचे पेपर का लिहायला लागले, त्याची ही गोष्ट. एप्रिल १९४७, अमेरिकेतलं स्केनेक्टडी, जनरल इलेक्ट्रिकची लॅब. ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा सिंक्रोट्रॉन चालू होता, आत ठिणग्या पडतायत का बघायला टेक्निशियन फ्लॉइड हेबर काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून डोकावला आणि त्याला नळीत झगझगीत प्रकाश दिसला, त्याला वाटलं आत स्पार्किंग होतंय म्हणून त्याने मशीन बंद करायची खूण केली. तोच सिंक्रोट्रॉनचा प्रकाश, वळणारे इलेक्ट्रॉन बाहेर टाकतात तो. फिजिकल रिव्ह्यूमधे छोटं पत्र छापून आलं, त्यावर नावं एल्डर, गुरेविच, लँगम्युअर आणि पोलॉक यांची. हेबरचं नाव लेखकांत नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे कित्येक वर्षं मशीनपाशी राबणाऱ्यांच्या वाट्याला हेच आलं.

सुरुवातीला कणभौतिकीवाल्यांना हा प्रकाश म्हणजे वाया जाणारी ऊर्जाच वाटायची, बाकीचे त्यांच्या मशीनवर उरल्यासुरल्या वेळात प्रयोग करायचे. १९६८ मधे अमेरिकेत विस्कॉन्सिनला टँटलस ही इलेक्ट्रॉन फिरवत ठेवणारी रिंग या प्रकाशाच्या प्रयोगांना लागली, १९८१ मधे इंग्लंडात डेअर्सबरीला खास एक्स-रेसाठीच मशीन बांधलं, मग १९९४ मधे फ्रान्समधल्या ग्रेनोबलची ८४४ मीटर घेराची रिंग सगळ्यांसाठी खुली झाली. आता एकेका रिंगभोवती डझनांनी बीमलाइन आणि वापरणारे सगळे बाहेरचे! प्रोटीनवाले, बॅटरीवाले, जुनी चित्रं तपासणारे, कुणीही, मोजक्या दिवसांचा बीमटाइम, म्हणजे लाइन वापरायचा वेळ, मिळणार, त्यामुळे त्यासाठीचं प्रपोजल लिहायच्या आधीच त्यांना कळायला हवं की इथे किती ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशाचा कण) मिळतो, सॅम्पलवर ठिपका केवढा पडतो, गार करायची सोय आहे का. उपकरणाचं सविस्तर वर्णन करणारे मोठे इन्स्ट्रुमेंट पेपर होतेच, पण लाइन बांधणाऱ्याला ते लिहायला फुरसत कुठे? तो रात्री युजरच्या मदतीला धावणार, आणि शेवटी आभाराच्या एका ओळीत त्याचं नाव, जी ओळ सायटेशनमधे, म्हणजे कुणाच्या पेपरचा किती जणांनी हवाला दिला त्या मोजणीत, धरलीच जात नाही.

म्हणून २०१५ मधे जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्राने अशा मोठ्या उपकरणांच्या वर्णनासाठीच एक मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं, जर्नल काढलं. बर्लिनच्या बेसी-२ या सिंक्रोट्रॉनच्या कितीतरी बीमलाइन तिथे काही पानांत सापडतात. उपयोग काय, प्रकाश बेंडिंग मॅग्नेटचा (इलेक्ट्रॉन वळवणारा चुंबक) की अंड्युलेटरचा (त्यांना नागमोडी नेणारी चुंबकांची रांग), आरसे आणि मोनोक्रोमेटर (हवी ती ऊर्जा निवडणारं उपकरण) कसे मांडलेत, मग आकड्यांचा तक्ता. प्रत्येक पेपरला डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख क्रमांक, असतो, म्हणजे प्रयोग करणारा थेट त्या पेपरचा हवाला देऊ शकतो आणि बांधणाऱ्याचं काम मोजलं जातं. एक मात्र मी आग्रहाने सांगेन, तक्त्यात फ्लक्स (दर सेकंदाला किती फोटॉन येतात तो आकडा) लिहाल तो मोजलेला लिहा, डिझाइनमधला असेल तर तसं स्पष्ट म्हणा, कारण समोरचा त्यावरून एक्सपोजरचा, म्हणजे सॅम्पलवर किती वेळ प्रकाश टाकायचा याचा, हिशोब करतो.

आपल्याकडे इंदूरला इंडस-१ ही रिंग १९९९ पासून, आणि मग १७२.५ मीटर घेराची इंडस-२, तिच्यावरच्या बऱ्याच लाइन मुंबईच्या बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) लोकांनी बांधल्यात. त्या प्रत्येकीवर असं दोन-तीन पानांचं लिखाण हवंच, आणि त्यात आरसे जुळवणाऱ्या टेक्निशियनचंही नाव लेखकांमधे हवं.