‘सबायत’ : शिकवण की शिक्षा? प्राचीन इजिप्तच्या नीतिपाठांची पार्श्वभूमी

प्राचीन इजिप्तमधील ज्या ग्रंथांना आज सरसकट ‘ज्ञानसाहित्य’ किंवा ‘नीतिसाहित्य’ म्हटले जाते, त्यांना त्या संस्कृतीत स्वतःचे नाव होते: ‘सबायत’, ढोबळ अर्थ शिकवण. अशा ग्रंथाची पहिली ओळ साधारण ठरलेली असे: अमुक अधिकाऱ्याने आपल्या मुलासाठी केलेल्या ‘सबायती’चा हा आरंभ. ‘ज्ञानसाहित्य’ हे वर्गनाम बायबलच्या अभ्यासकांनी नीतिसूत्रे, ईयोब यांसारख्या पुस्तकांसाठी वापरले होते आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख) वाचले जाऊ लागल्यावर ते इजिप्शियन ग्रंथांनाही चिकटले. नाव बदलल्याने वाचनाची दिशाही बदलली. थोरांसमोर कसे बसावे, काय बोलावे, ताटातले किती घ्यावे हे सांगणारी ही पुस्तके सुभाषितांसारखी सुटी वाचली गेली आणि ती मुळात कोणत्या व्यवस्थेसाठी लिहिली गेली हा प्रश्न मागे पडला.

सर्वांत जुने मानले जाणारे पाठ पिरॅमिडांच्या काळातील व्यक्तींच्या नावावर आहेत. खुफू राजाचा मुलगा हार्जेदेफ याच्या नावाच्या पाठाचे तुकडेच हाती आले आहेत. कागेम्नी या वजिराचा पाठ त्याला स्नेफ्रू राजाच्या, म्हणजे चौथ्या राजवंशाच्या, काळात नेतो, पण ज्या कागेम्नीची भव्य कबर सक्कारा येथे आहे तो तेती राजाच्या, म्हणजे सहाव्या राजवंशाच्या काळातला आहे. प्ताहहोतेपचे ३७ उपदेश पाचव्या राजवंशातील जेदकारे इसेसी या राजाच्या वजिराने सांगितले असे त्याची प्रस्तावना म्हणते. पॅरिसमध्ये असलेली त्याची पूर्ण प्रत, जी १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली, बाराव्या राजवंशाच्या, म्हणजे कित्येक शतकांनंतरच्या, सुमाराची असून तिची भाषा मध्य इजिप्शियन, म्हणजे त्या नंतरच्या काळाची आहे. वजिराचे नाव हे ग्रंथकाराचे नाव नसून ग्रंथाला दिलेले वजन आहे, असे मानणे अधिक सुरक्षित वाटते.

प्ताहहोतेपचा जगावर विश्वास आहे. मोठ्याच्या पंक्तीला बसलास तर तो पुढे ठेवील ते घे, आपल्या समोरचे पाहा, त्याच्याकडे सारखे पाहू नकोस, तो हसल्यावर हस, असे तो सांगतो. त्याच ग्रंथात चांगले बोलणे हिरव्या रत्नापेक्षा दुर्मीळ असले तरी ते दळणाऱ्या दासींकडेही सापडते, असेही एक वाक्य आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येथे जाते आणि ओवी उभी राहील. इजिप्तमध्ये मात्र फिरते जाते नव्हते, गुडघ्यांवर बसून पाट्यासारख्या दगडावर धान्य रगडले जाई. पुढच्या काळातील दोन राजकीय पाठांचा सूर वेगळा आहे. मेरिकारे राजासाठीच्या पाठात माणूस कुळावरून नव्हे तर कौशल्यावरून निवडावा असे आहे, आणि रात्री आपल्याच वाड्यात हल्ला झालेला राजा अमेनेमहेत भावावरही विश्वास ठेवू नकोस असे मुलाला सांगतो.

या ग्रंथांविषयी आपल्याला जे कळते त्यातील मोठा भाग त्यांच्या रचनाकाळातून नव्हे, तर कित्येक शतकांनंतरच्या रामेसेस राजांच्या काळातून आला आहे. थीब्ज या प्राचीन शहराच्या नाईलपलीकडच्या पश्चिम तीरावरील देर अल-मदीना ही राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. १९२२ पासून तेथे झालेल्या उत्खननांत चुनखडीच्या चिपा आणि खापरे हजारोंनी मिळाली, आणि त्यांपैकी पुष्कळांवर जुन्या पाठांचे उतारे आहेत. लाल शाईचे विरामबिंदू आणि काही ठिकाणी शेवटी घातलेली तारीख पाहता ही रोजच्या सरावाची पाने होती हे लक्षात येते. लिहिणारी मुले जी भाषा उतरवत होती ती त्यांच्या घरात कोणी बोलत नव्हते, म्हणून कित्येक ओळी अर्थ न समजता लिहिलेल्या आहेत, आणि एखाद्या वाक्याचा मूळ पाठ ठरवण्यासाठी आज चुकांचीच तुलना करावी लागते. सर्वाधिक गिरवला गेलेला एक पाठ खेती नावाच्या बापाचा आहे. तो मुलाला लेखनिकांच्या शाळेत घेऊन जाताना वाटेत एकेका धंद्याची फजिती वर्णन करतो: तांबटाची बोटे मगरीच्या नख्यांसारखी, परीट मगरीच्या शेजारी कपडे धुणारा, कुंभार जिवंतपणीच मातीत. लेखनिक सोडून प्रत्येकावर कोणीतरी मुकादम असतो, हे त्याचे तात्पर्य. हे ऐकवले जात होते ते कारागिरांच्याच वस्तीत, याची नोंद सहसा कोणी घेत नाही.

‘सबायत’ या शब्दाचा गुंताही याच काळात उघड होतो. ‘सबा’ म्हणजे शिकवणे. हा धातू लिहिताना ताऱ्याचे चिन्ह उच्चारासाठी येते, कारण ताऱ्यालाही ‘सबा’ म्हणत, आणि शेवटी अर्थ सुचवणारे चिन्ह येते ते हातात काठी घेऊन मारणाऱ्या माणसाचे किंवा काठी धरलेल्या हाताचे. हे चिन्ह बळ लागणाऱ्या इतर क्रियापदांनाही लागते, तेव्हा केवळ त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु रामेसेस काळातील न्यायालयीन लेखनात ‘सबायत’ हाच शब्द सरळ दंड या अर्थी येतो. तिसऱ्या रामेसेसविरुद्ध त्याच्या अंतःपुरात झालेल्या कटाच्या खटल्याचा जो पपायरस तुरीन येथे आहे, त्यात नाक-कान कापण्याच्या दंडालाही हाच शब्द वापरलेला आहे. शाळेतल्या सरावाच्या एका पपायरसात मुलाचा कान त्याच्या पाठीवर असतो, मारले की त्याला ऐकू येते, असे वाक्य आहे. म्हणजे एकाच पिढीतील लेखनिक सकाळी प्ताहहोतेपचा पाठ आणि दुपारी गुन्हेगाराचा दंड एकाच शब्दाने लिहू शकत होता.

शिकवण आणि दंड एका शब्दात आणण्याची युरोपीय अनुवादकांची या जागी जी अडचण होते ती मराठीला होऊ नये. संस्कृतात शिक्षा म्हणजे विद्या देणे, वेदांगांपैकी एकाचे नावही तेच, आणि हिंदीत आजही शाळेतून मिळते ती शिक्षाच. मराठीत मात्र तो शब्द दंडाकडे गेला आणि विद्येसाठी आपण ‘शिक्षण’ वेगळे काढले. ‘धडा’ पुस्तकातही असतो आणि तो कोणाला तरी शिकवलाही जातो. तरीही ‘सबायत’ मराठीत आणताना ‘उपदेश’ किंवा ‘बोध’ हे शब्द निवडले जातात, जे मूळ शब्दापेक्षा फार सौम्य आहेत. ‘उपदेश’ ऐकणाऱ्याला तो न ऐकण्याची मोकळीक असते. सबायतीत ती नव्हती, किंवा निदान देणाऱ्याला ती मान्य नव्हती. प्रस्तुत लेखकाला ‘शिकवण’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण त्यातली सक्ती अगदीच पुसली गेलेली नाही. पण ‘शिक्षा’ म्हटले असते तर चूक ठरली असती असेही नाही.

हा वाद केवळ भाषांतराचा नाही, कारण नवराज्याच्या (ज्यात रामेसेस राजेही येतात त्या) काळातील अनीचा पाठ तो ग्रंथाच्या आतच मांडतो. अनीचे सल्ले घरगुती आहेत: बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नकोस, बायको हुशार असेल तर तिच्या घरात ‘ते कुठे आहे, आणून दे’ असे करू नकोस, आईने तीन वर्षे अंगावर पाजले आणि शाळेत घातल्यावर रोज भाकरी व बिअर घेऊन ती आली, तेव्हा तिला दुप्पट अन्न दे. इथपर्यंत सारे परंपरेप्रमाणे आहे. मग मुलगा खोन्सहोतेप उत्तर देतो. मुले पाठ तोंडाने म्हणतात, पण तो मनात उतरत नाही, आणि तुमचे सांगणे फार झाले, अशा आशयाची त्याची तक्रार आहे. वडील त्यावर सिंह, घोडा, कुत्रा, माकड हे सारे शिकवल्यावर वळतात असे दाखले देतात, आणि परभाषक लोक इजिप्शियन बोलायला शिकतात हेही त्याच माळेत ओवतात. वाकडी पडलेली काठी सुतार सरळ करतो, हा आणखी एक दाखला. मुलगा शेवटपर्यंत पुरता नमलेला दिसत नाही. वडिलांच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथात मुलाला एवढे बोलू दिले आहे, हे पूर्वीच्या पाठांत सापडत नाही.

अमेनेमोपेच्या पाठात छडी जवळजवळ नाहीशी होते. धान्य आणि जमिनीच्या मोजणीचा हा अधिकारी ३० अध्यायांत तापट माणूस आणि ‘खरा मौनी’ यांची तुलना करतो, आणि त्याचे नियम कामाच्या जागेचे आहेत: शेताची हद्द सरकवू नये, विधवेच्या बांधाला हात लावू नये, मापात खोट करू नये, आंधळ्याला हसू नये, ठेंगण्याची चेष्टा करू नये. लंडनमधील त्याची प्रत १८८८ साली मिळाली, पण ती संपूर्ण प्रसिद्ध व्हायला १९२३ उजाडले. पुढच्याच वर्षी एका जर्मन अभ्यासकाने तिची सांगड बायबलातील नीतिसूत्रांच्या बावीस व तेविसाव्या अध्यायांशी घातली. तेथील एका हिब्रू शब्दाचे स्वर थोडे बदलले तर ‘तीस’ असे वाचता येते, आणि अनेक आधुनिक भाषांतरांनी हे वाचन स्वीकारले आहे. मूळ रचना सेमिटिक असून इजिप्शियनने ती उसनी घेतली, असा उलटा दावाही विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला, पण अमेनेमोपेचा काळ मागे नेणारे पुरावे आल्यावर तो टिकला नाही. संपत्तीला पंख फुटून ती आकाशात उडून जाते ही उपमा दोन्हीकडे आहे. इजिप्तमध्ये ते पंख हंसबदकाचे, हिब्रूत गरुडाचे.

टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळात आणि त्यानंतर डेमोटिक या उत्तरकालीन भरभर लिहिण्याच्या लिपीत लिहिलेले पाठ एकेका ओळीचे झाले. कटाची खबर न दिल्याबद्दल तुरुंगात पडलेला अंखशेशोंक मद्याच्या घागरींच्या खापरांवर मुलासाठी वाक्ये लिहितो, अशी त्यातल्या एकाची चौकट आहे. मूर्खाला शिकवू नकोस, तो तुझा द्वेष करील, हे त्याचे म्हणणे प्ताहहोतेपच्या आत्मविश्वासापासून बरेच दूर आले आहे.

‘सबायत’ हा शब्द कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, ‘स्बो’ असा राहिला आणि ख्रिस्ती इजिप्तमध्ये त्याचा अर्थ शिकवण, धर्मशिकवण असा स्थिरावला. ग्रीक बायबलात जेथे वळण आणि ताडन या दोन्ही छटा असलेला शब्द येतो, तेथे कॉप्टिक अनुवादक बहुधा ‘स्बो’ लिहितात. नीतिसूत्रांच्या जुन्या कॉप्टिक प्रतींपैकी एक, जी चौथ्या शतकाच्या सुमाराची मानली जाते आणि बर्लिनमध्ये आहे, अखमीम या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बोलीत आहे. आणि अमेनेमोपे आपल्या पाठाच्या आरंभी ज्या गावाचा उल्लेख करतो, ते हेच अखमीम.