टाकी आज, मासे पाच आठवड्यांनी

नवी टाकी आणि मासे आम्ही एकाच दिवशी देत नाही. यावरून काउंटरवर रोज बोलणं होतं, म्हणून हा कागद. रविवारी मुलाचा वाढदिवस असतो, टाकी शनिवारी संध्याकाळी हवी असते आणि त्यात चार गोल्डफिशही हवे असतात. त्या चारपैकी तीन पुढच्या शनिवारपर्यंत जातात आणि मग "मासे आजारी दिलेत" असं आम्हाला ऐकावं लागतं. मासे बहुतेक वेळा ठणठणीत असतात. तयार नसते ती टाकी.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यात आणखी भर पडते. जुन्या, मुरलेल्या टाकीत दोन प्रकारचे जिवाणू हा अमोनिया संपवत असतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, माशाच्या रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू पुढे त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा आणि खडी यांवर चिकटून राहतात. वाढतातही फार सावकाश. कुजलेल्या अन्नावर जगणारे साधे जिवाणू तासाभरात दुप्पट होऊ शकतात, यांना सगळं अनुकूल असलं तरी अर्धा ते एक दिवस लागतो. टाकी तयार व्हायला चार-सहा आठवडे जातात ते यामुळेच.

आता ज्या चुकीमुळे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तिच्याबद्दल.

तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास नव्या टाकीचं पाणी दुधाळ होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. पाहुणे यायचे असतात, टाकी वाईट दिसते. मग पाणी काढून टाकतात, खडी बादलीत घेऊन नळाखाली घासतात आणि स्पंज पिळून पिळून पांढरा करतात. पाणी आरशासारखं होतं आणि पाच दिवसांनी पुन्हा दुधाळ. एकाच टाकीचं हे चक्र तीन-तीन वेळा चालतं आणि दोन महिन्यांनीही टाकी पहिल्याच दिवशी असते. दुधाळपणा त्या साध्या जिवाणूंचा असतो. काही न करता तो बहुधा आठवडाभरात ओसरतो. आपल्याला हवे असलेले जिवाणू तेव्हा स्पंजावर नुकतेच बसू लागलेले असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि घासणी त्यांनाच काढून टाकते. म्हणून दुधाळ टाकीला हात लावू नका. फिल्टर चालू, दिवा बंद, झाकण लावलेलं, एवढं पुरे.

दुसरी चूक याच्या उलटी. "आठ दिवस फिल्टर फिरवला, आता मासे द्या." पाणी फिरलं, पण त्यात अमोनिया होता का? खायला नाही तर जिवाणू वाढणार कशावर? रिकामी टाकी सहा महिने फिरवली तरी ती नवीच राहते.

दोन फुटी टाकीसाठी (२४ × १२ × १२ इंच) आम्ही सांगतो ती पद्धत अशी. ही टाकी काठोकाठ ५६ लिटरची, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे ५० लिटर पाणी धरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढण्याचे थेंब घालाच. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर साधं क्लोरीन उडतं, क्लोरॅमीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही, आणि तुमच्या भागात काय सोडतात हे वासावरून कळत नाही. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा, रात्री आवाज होतो म्हणून बंद करू नका. पाण्याचं तापमान २६ ते २८ अंश ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याकडे हीटर लागतो, नाहीतर पाच आठवड्यांचे आठ होतात.

मग अमोनिया. शुद्ध अमोनियम क्लोराइड १० ग्रॅम घेऊन ५०० मिली पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १६ मिली ५० लिटरमध्ये घातले की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) आसपास येतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागरच, पण कल्हईसाठी मिळणारा नवसागर आणू नका. त्यात आणखी काय मिसळलेलं आहे याचा भरवसा नसतो. फरशी पुसण्याच्या अमोनियात साबण असतो, तोही नको. यातलं काहीच करायचं नसेल तर बाजारातली एक सोललेली कोलंबी जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडा. चालतं, पण वास येतो आणि माप राहत नाही.

एक दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट तपासा. थेंबांची किट घ्या, पट्ट्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. पहिला आठवडा-दीड आठवडा काहीच हलत नाही: अमोनियाची नळी हिरवी ती हिरवी. मग एक दिवस नायट्राइटची निळी नळी जांभळट होते, म्हणजे पहिले जिवाणू बसले. अमोनिया १ पीपीएमच्या खाली गेला की पुन्हा २ पर्यंत आणा. जास्त घातला तर लवकर होईल असं नाही. ५ पीपीएमच्या वर काम अडकतं. नायट्राइटचा टप्पा सगळ्यात लांबतो आणि धीर सुटतो तो इथेच. नळी गडद जांभळीच राहिली तर अर्धं पाणी बदला (क्लोरीन काढलेल्या पाण्याने, स्पंजाला हात न लावता) आणि अमोनियाची मात्रा निम्मी करा.

सगळं ठीक चाललेलं असताना काम मध्येच थांबलं तर पीएच पाहा (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; आकडा कमी म्हणजे आम्ल जास्त). या प्रक्रियेत पाण्यातला, आम्लाला थोपवणारा क्षार खर्च होतो. धरणाचं मऊ पाणी असेल तर पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू सुस्तावतात. पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा कपभर पाण्यात विरघळवून घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. बोअरच्या पाण्याला ही अडचण सहसा येत नाही, पण तिथे दुसरीच गोष्ट असते: पीएच बहुधा जास्त असतो. पीएच ८ असताना अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ च्या जवळजवळ दसपट असतो. "शेजाऱ्यांनी तर दुसऱ्याच दिवशी मासे सोडले, त्यांचे जगले" याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं: त्यांच्या पाण्याचा पीएच कमी.

टाकी तयार झाली हे कधी म्हणायचं? २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. असं लागोपाठ दोन दिवस दिसलं की साठलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून अधिक पाणी बदला आणि मासे न्यायला या. यायला आठवडा लागणार असेल तर दर दोन-तीन दिवसांनी थोडा अमोनिया देत राहा, नाहीतर जिवाणू उपाशी राहतील.

निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, "सुरुवातीला खबरदारी म्हणून" टाकीत घालू नका. पुष्कळ ठिकाणी ते टाकीबरोबर देतात. ते बुरशीवर चालतं, तसंच या जिवाणूंवरही चालतं.

घाई असेल तर उपाय आहे, आणि तो आम्ही विकतो हेही सांगून टाकतो. दुधाला विरजण लागतं तसं टाकीला जुना स्पंज लागतो. आमच्या वेगळ्या ठेवलेल्या, आजारी मासे कधीही न सोडलेल्या टाक्यांत निदान दोन महिने चाललेले स्पंज फिल्टर मिळतात. टाकीच्याच पाण्यात, अर्धी हवा भरलेल्या पिशवीत देतो. दोन तासांच्या आत तुमच्या टाकीत चालू करा. याने बहुतेक टाक्या दहा ते पंधरा दिवसांत तयार होतात. अमोनिया आणि तपासणी तरीही चुकत नाही. बाटलीतले जिवाणूही ठेवतो. त्यांनी वेळ कमी होतो, पण उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेली बाटली म्हणजे निव्वळ पाणी, आणि "आजच मासे सोडा" या लेबलवर जाऊ नका.

मासे आधीच सोडून झाले असतील आणि ते पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत असतील, तर त्यांना बाहेर काढून टाकी धुऊ नका. रोज एक तृतीयांश पाणी बदला, खाणं दिवसाआड चिमूटभर, आणि नायट्राइट दिसत असेल तर लिटरला एक ग्रॅम मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पाणवनस्पती असतील तर त्याच्या निम्मंच. आणि नवा मासा आणून जागा भरू नका.

पाण्याची तपासणी आमच्याकडे फुकट आहे, टाकी कुठूनही घेतलेली असो. स्वच्छ बाटली टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळून काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. सोबत टाकीचं माप इंचांत, ती भरल्याची तारीख आणि पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं एवढं लिहून आणा. स्पंज कधी धुतला असेल तर तेही लिहा; रागावत नाही, फक्त तारीख तिथून मोजावी लागते.