राखेचा सोमवार की राखेचा बुधवार?

चंद्रपूरची मुलगी अमरावतीकडे नांदायला गेली, की ईस्टरआधीच्या पहिल्याच उपवासकाळात घोळ होतो. माहेरी उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ज्या सोमवारी कपाळाला राखेचा क्रूस लागायचा, त्या सोमवारी सासरी मटण शिजत असतं. चूक कुणाचीच नसते. दोन्ही घरं कॅथलिकच, पण विधी, म्हणजे उपासनेच्या परंपरा, वेगळ्या. नागपूर आणि अमरावती हे लॅटिन (रोमन) विधीचे धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतले प्रदेश. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हा पट्टा मात्र 1962 पासून केरळमधल्या सिरो-मलबार विधीकडे आहे.

2027 सालचं गणित पाहा. ईस्टर 28 मार्चला. लॅटिन घरात उपवासकाळ बुधवारी, 10 फेब्रुवारीला लागतो. तिथून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात, त्यातले 6 रविवार वगळले की 40. सिरो-मलबार घरात तो दोन दिवस आधी, सोमवारी, 8 फेब्रुवारीला लागतो. तिथे रविवार वगळत नाहीत. आदला रविवार आणि ईस्टर, दोन्ही धरून 50 दिवस मोजतात, म्हणूनच त्याला ‘पन्नास दिवसांचा उपवास’ म्हणतात.

त्यामुळे तयारीचा दिवसही बदलतो. लॅटिन घरात मंगळवारी रात्रीपर्यंत मांसाचं सगळं संपवायचं. सिरो-मलबार घरात ते काम रविवारीच उरकतं. या रविवाराला ‘पेतुर्ता’ म्हणतात. शब्द सिरियाक, आणि त्याचा अर्थ मागं वळून पाहणं असा सांगतात. पन्नास दिवसांच्या परंपरेत मटण-कोंबडीसोबत मासे आणि अंडीही वर्ज्य, म्हणून डब्यातले सुके झिंगेसुद्धा त्याआधीच संपवावे लागतात. लॅटिन नियमात मासे, अंडी, दूध चालतं. कोंबडी मात्र मांसच, तिला सूट नाही. कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, दोन्हीकडे आधीच करून घेतलेलं बरं. ज्या वस्तीवर फादर आठवड्यातून एकदाच येतात, तिथे शेवटच्या दिवशी रांग आवरत नाही.

राखेची तयारी दोन्हीकडे एकच. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वाद दिलेली पानं घराघरांतून गोळा करतात. आपल्याकडे ती बहुधा शिंदीची. आठवडाभर आधी गोळा करावीत, बांधलेले दोरे आणि प्लॅस्टिकची फुलं काढून टाकावीत, देठाकडचे काटे छाटावेत. लोखंडी घमेल्यात, उघड्यावर, वारा नसताना जाळावीत. पान पूर्ण वाळलेलं नसेल तर राखेऐवजी धूरच जास्त, आणि हाती चिवट तुकडे. फार वेळ जळू दिलं तर राख पांढरट होते, कपाळावर दिसत नाही. पान काळं पडून कुरकुरीत झालं की झाकण ठेवून विझवावं, थंड झाल्यावर खलबत्त्यात कुटावं आणि मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळावं. टोपलीभर पानांतून हाती फार थोडी राख येते, तेव्हा पानं भरपूर घ्या.

इथे एक चूक हमखास होते: राख चिकटावी म्हणून पाणी घालतात. राखेतला क्षार पाण्यात विरघळतो आणि नाजूक कातडी भाजते, लहान मुलांची तर लगेच. राख कोरडीच लावावी, नाहीतर वाटीत एक-दोन थेंब गोडेतेल घालावं. तेल जास्त झालं तर क्रूस भुवईवर ओघळतो.

आता ‘उपवास’ या शब्दाबद्दल. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचं कूट यांचा याच्याशी संबंध नाही. तुपातली साबुदाण्याची उसळ पोटभर खाल्ली तर तो उपवास कसला? लॅटिन नियमानं एकच पूर्ण जेवण, आणि बाकीचं दोन वेळचं मिळून त्याच्यापेक्षा कमी. दुपारी तीन भाकरी नि वरण खाणाऱ्यानं सकाळी अर्धी, रात्री एक खावी, झालं. हे बंधन 18 पूर्ण झालेल्यांना, 59 पूर्ण होईपर्यंत, आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोनच दिवशी. मांस वर्ज्य करणं वेगळं, ते 14 वर्षांपासून पुढे, वरची मर्यादा नाही. सिरो-मलबार घरात बुधवारची जागा पहिला सोमवार घेतो. आजारी माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, यांना सूट आहे. हरभरा काढायला उन्हात जाणाऱ्यांनी फादरना आधी विचारून घ्यावं.

सासर-माहेर वेगळ्या विधीचं असेल तर कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करा. आपण ज्या चर्चमध्ये जातो त्याची तारीख धरायची, आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं नाही.