अप्रेंटिसला किमान वेतन लागू होतं का?

"अप्रेंटिसलाही किमान वेतन द्यावंच लागतं, कमी दिलं की कंपनीवर केस टाका" हा मेसेज भोसरी-चाकणच्या पोरांच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतोय. ऐकायला बरोबरच वाटतं म्हणा, कारण बाजूच्या मशीनवरचा कामगार जे करतो तेच अप्रेंटिस करतो.

पण अप्रेंटिस कायदा, 1961 च्या कलम 18 मध्ये लिहिलंय की अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, त्यामुळे त्याला पगार नाही तर स्टायपेंड मिळतो. म्हणून कंपनी वाट्टेल ते देऊ शकते असंही नाही हां, स्टायपेंडचा किमान आकडा नियमात शिक्षणाप्रमाणे ठरलेला असतो, 2019 च्या दुरुस्तीत तो महिन्याला 5000 ते 9000 रुपये होता. काम करताना दुखापत झाली तर नुकसानभरपाई आहे, फॅक्टरीतले सेफ्टीचे नियमही लागू आहेत.

खरी मेख कागदात आहे. तुमचं अप्रेंटिसशिपचं करारपत्र सरकारी पोर्टलवर रजिस्टर आहे का ते लॉगिन करून बघा, त्यात ट्रेड, मुदत, स्टायपेंड सगळं असतं, मग तो आकडा बँकेत जमा झालेल्या रकमेशी लावून बघा. करारच नाही, नुसतं गळ्यातल्या कार्डावर 'ट्रेनी' छापलंय आणि तिन्ही शिफ्टला लाईनवर उभं करतायत, तर मात्र तुम्ही कायद्याने कामगार ठरू शकता, आणि मग किमान वेतनाचा प्रश्न खरंच उभा राहतो, तो घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जाता येतं.